साबणाच्या डबीतली बेल

आईचं सोल्डरिंग आयर्न आमच्या स्वयंपाकघरात पोळपाटाच्या मागे उभं करून ठेवलेलं असतं. तिच्या लेखी ते भांड्यांतलंच एक होतं. लाकडी मूठ, मुठीच्या मुळाशी काळ्या पडलेल्या चिकटपट्टीचा वेढा, आणि ती मूठ वापरून वापरून अशी झिजलेली की हातात घेतली की अंगठा आपोआप एका खोलगट जागी जाऊन बसतो. आज दुपारी माझाही बसला. मला वाटलं होतं, आता तरी काहीतरी होईल. काही झालं नाही. मी पिन सॉकेटमध्ये घातली, बटण दाबलं आणि आयर्न तापायची वाट बघत जमिनीवर बसले.

आई थंडीत गेली. आता बाहेर चैत्राचं ऊन आहे. रामकुंडावर भावाने सगळं केलं तेव्हा मी पायऱ्यांवर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले होते, आणि त्यातली एक अंगठा तुटलेली चप्पल कुणाची असेल याचाच विचार करत होते. त्या दिवशी रडू आलं नाही, त्यानंतरही नाही. यात काही धीर वगैरे नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपल्याच गालाला हात लावला की तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं माझं चाललंय. जेवते, झोपते, कामावर जाते. लोक विचारतात, "बरी आहेस ना?" मी म्हणते, "हो, काही नाही." आणि खरोखरच काही नसतं.

आज आयर्न तापवायचं कारण दादांची बेल. दादा म्हणजे माझे वडील. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ते पलंगावर आहेत. उठायचं तर कुणाचा तरी हात लागतो. हाक मारणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नाही. आवाजच बारीक, त्यात संकोच. म्हणून आईने ही बेल केली. उरलेल्या सामानातून एक छोटा बोर्ड, त्यावर एक बझर, सगळं एका गुलाबी साबणाच्या डबीत बसवलेलं. डबी स्वयंपाकघरात ओट्याच्या वर खिळ्याला टांगलेली. तिथून निघालेली वायर चौकटीवरून पलीकडच्या खोलीत जाते आणि तिच्या टोकाचं बटण दादांच्या उशाशी नाडीने बांधलेलं आहे. बटण दाबलं की डबी गुर्र करायची. मांजर नाराज झाल्यावर करतं तेवढंच.

एक लांब दाबलं तर पाणी हवंय. दोन छोट्या म्हणजे वेगळंच. स्वयंपाकघरात काही पडलं, फुटलं, आईच्या तोंडून "स्स" असं काही निघालं, की दादांना उठून येता यायचं नाही. मग ते पलंगावरून दोन छोट्या बेल द्यायचे. गुर्र, गुर्र. लागलं का? आणि आई इकडून भिंतीला सांगायची, "काही नाही, काही नाही." कढईतलं तेल हातावर उडालं तरी काही नाही. विळी लागली तरी काही नाही. शेवटच्या आजारातही तिचं उत्तर हेच होतं.

ती गेल्यावर बेल बंद पडली. सुनंदाताईंनी सेल बदलून पाहिला, डबी हलवून पाहिली. सुनंदाताई दादांचं सगळं करतात, सिन्नरकडच्या आहेत, सकाळी येतात आणि दिवेलागणीला जातात. रात्री गल्लीतलाच एक ओळखीचा माणूस बाहेरच्या खोलीत झोपायला येतो. भावाने बाहेरून मागवलेली बिनवायरची बेल पाठवली. ती दाबली की गाण्याची धून वाजते. दादांनी ती दोन दिवसांत उशीखाली घातली.

"ती गाणं म्हणते," ते म्हणाले. "मला पाणी हवं असतं. गाणं कशाला?"

मग गेल्या आठवड्यात सुनंदाताईंचा मला ठाण्याला फोन आला. "ताई, तुम्ही एकदा येऊन जा. मी मागं कपडे धूत होते, आन आजोबा खाली बसल्याले. पाण्यासाठी स्वतःच उठाया गेले. लागलं नाय, पण लय घाबरले मी. हाक मारा म्हनलं तर मारत नाय. बेल वाजत नाय. मला काय समजनार?"

म्हणून मी आले. उद्या सकाळी परत जायचंय. त्याआधी दादांच्या हाताशी वाजणारी बेल हवी, एवढंच माझ्या डोक्यात आहे. नाही तर पुढच्या वेळी ते पडतील तेव्हा 'लागलं नाय' असा फोन येईलच असं नाही.

सकाळी त्यांना सांगितलं, "दादा, मी आईची बेल दुरुस्त करते."

 ते छताकडे बघत म्हणाले, "कशाला? बेल वाजवली की ती यायची. आता वाजवून काय करू?"

"सुनंदाताई येतील."

"येतील की. त्या चांगल्या आहेत." एवढं बोलून त्यांनी कूस बदलली. त्यांची कूस बदलायला वेळ लागतो, त्यामुळे संभाषण संपल्याचं समोरच्याला नीट कळतं.

आयर्न तापलंय की नाही हे बघायला आई त्याला सोल्डरच्या तारेचं टोक लावायची. तार वितळली की धुराची एक बारीक रेघ वर जायची. तो वास. देवळात राळ जाळतात त्याच्या जवळचा, पण त्यात थोडं जळकं आणि थोडं गोडसर. आत्ता तो आला आणि मी मान मागे घेतली, कारण आई घ्यायला लावायची. "नाक वर. वास घ्यायचा नाही, बघायचं फक्त." शाळेतून घरी येताना गल्लीच्या तोंडाशीच मला कळायचं की आज माल आलाय. इतरांच्या घरून फोडणीचा वास यायचा, आमच्याकडून हा.

माल अंबडच्या कारखान्यांतून यायचा. एक बाई स्कूटरवरून प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बोर्ड घेऊन यायच्या, हिरवे, भोकं पाडलेले, आणि पुड्यांत बांधलेले बारीक बारीक भाग. ते भोकांत बसवायचे, मागून सोल्डर करायचे, त्यांच्या तारांचे उरलेले पाय कापायचे. आई जेवणं उरकून, ओटा पुसून, पाट पुढ्यात घेऊन बसायची. मी तिच्या उजव्या हाताला. कापलेले पाय फरशीवर उडायचे आणि रात्री कुणाच्या तरी तळव्यात रुतायचे. दादा एका पायावर उभे राहून म्हणायचे, "लोकांच्या घरात काटे बाहेरून येतात."

आई इंग्रजी शिकलेली नव्हती आणि रेझिस्टर नावाच्या बारीक भागांवरच्या रंगीत पट्ट्यांचे आकडे तिने कधी पाठ केले नाहीत. तिची स्वतःची पद्धत होती. तपकिरी म्हणजे चहा. काळा म्हणजे काजळ. लाल म्हणजे कुंकू. पिवळी हळद, जांभळं वांगं. मालवाल्या बाई यादी वाचायच्या आणि आई ती आपल्या भाषेत पुन्हा म्हणायची. "हळद, वांगं, चहा इकडे. चहा, काजळ, कुंकू तिकडे." मला वाटायचं सगळीकडेच असं म्हणतात. पुढे कॉलेजात प्रयोगशाळेत मी मोठ्याने "चहा, काजळ, कुंकू" म्हणाले तेव्हा शेजारची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

मे महिन्यात पंखा बंद ठेवावा लागायचा. वाऱ्याने सोल्डर लवकर गार होतो, सांधा नीट धरत नाही. आम्ही दोघी घामाने निथळत बसायचो, शेजारी माठातल्या पाण्याचा तांब्या. दादांच्या जुन्या बनियनचा ओला तुकडा बशीत असायचा, त्यावर आयर्नचं टोक पुसलं की चर्र व्हायचं. थंडीत मात्र ते काम सुखाचं होतं. आमच्या देवळाली कॅम्पातली थंडी नाशिकपेक्षा जरा जास्तच. शाल पांघरून, आयर्नच्या जवळ हात धरून बसायचं. बाजारात द्राक्षं आलेली असायची. आई एक मणी तोंडात टाकायची, एक सांधा करायची. तो चिकट हात तिने कधी बोर्डाला लावला नाही.

खंडेनवमीला आयर्नची पूजा व्हायची. विळी, सुरी, दादांची पक्कड आणि मधोमध आयर्न, वर झेंडूचं फूल. त्या दिवशी ते तापवायचं नाही. एका वर्षी दादांनी उत्साहाने हळदकुंकू मुठीला न लावता टोकालाच लावलं, वर तेलाचं बोट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईने आयर्न लावलं तर कसला तरी भलताच धूर निघाला आणि टोक सोल्डर घेईना. तार नुसती मोत्यासारखी होऊन घरंगळायची. आईने पॉलिशपेपरने टोक घासलं, दादांकडे न बघता म्हणाली, "कुंकू जिथे लावायचं तिथे लावावं." दादा दिवसभर तिच्या मागे मागे होते. संध्याकाळी त्यांनी स्वतः चहा केला, आणि तो तिने प्यायलासुद्धा.

आणि तोफा. देवळालीला राहणाऱ्याला तोफांचं काही वाटत नाही. लष्कराच्या रेंजवर सराव असला की दूरवरून धप्प असा आवाज येतो, खिडकीची काच थरथरते, कपाटातल्या कपबशा किणकिणतात. बाहेरून आलेले पाहुणे दचकायचे, आम्ही जेवत राहायचो. पण आईचं काम वेगळं. सोल्डर वितळलेला असतो तेव्हा तो चकचकीत असतो. आयर्न उचललं की क्षणभर तसाच राहतो आणि मग एकदम बसतो. त्या क्षणात काही हललं तर सांधा फिका पडतो, राखाडी, खरबरीत. वरून चिकटलेला दिसतो, आतून धरलेला नसतो. त्याला सगळे 'ड्राय' म्हणतात. एकदा सराव चालू असताना केलेला माल ड्राय म्हणून परत आला. तोफांमुळेच आला की आणखी कशामुळे, देव जाणे. पण तेव्हापासून आई धप्प झाल्यावर लगेच आयर्न टेकवायची, पुढची तोफ यायच्या आत सांधा बसवायची. आयर्न उचललं की म्हणायची, "हलू नको. बसू दे." ती श्वास धरायची, मीही धरायचे. दादा दारातून म्हणायचे, "तोफखान्याला निरोप पाठवू का? म्हणावं, आमच्या बाईंचं सोल्डर चाललंय, जरा दमानं."

त्या कामाने आईच्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची टोकं निबर झाली होती. भाजून भाजून त्यांना काही कळेनासं झालं होतं. तव्यावरची भाकरी ती नुसत्या बोटांनी उलटायची. पण मला ताप आला तर हात लावून तिला समजायचं नाही. मग ती वाकून गाल माझ्या कपाळाला लावायची. दुसऱ्यांच्या आया हात लावतात, माझी आई गाल लावते, हे मला लहानपणी फार भारी वाटायचं. बोटांना कळत नाही म्हणून गाल लावते हे पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

मी आठवी-नववीत सोल्डर करायला लागले तेव्हा माझी बोटं कोवळी. भाजलं की "आई गं" म्हणून ओरडायचे. भाजलेलं बोट स्वतःच्या कानाच्या पाळीला लावायचं, हे घराघरात करतात. आई मात्र माझं मनगट धरून बोट तिच्या कानाला लावायची. मोत्याच्या कुडीखालची ती मऊ पाळी. तिची पाळी मे महिन्यातही गार असायची. "माझा कान गार आहे, तुझा नाही," एवढंच कारण. आणि दुसऱ्या हाताने ती तोवर पुढचा सांधा तपासत असायची.

आयर्न तापलं. मी साबणाची डबी उघडली. आत आईचं काम, अजून स्वच्छ. सांधे बारीक, चकचकीत, सगळे एकसारखे. दादांच्या वाचायच्या भिंगातून एकेक बघत गेले आणि एका ठिकाणी थांबले. एक सांधा फिका होता. पायाभोवती केसासारखी चीर. आईचा सांधा, आणि ड्राय. तेव्हा तोफ झाली असेल, किंवा तिचाच हात हलला असेल.  वाईट वाटायला हवं होतं असं मला वाटलं. फक्त वाटलं. मी चिमट्याने रेझिस्टर जरा ओढून बघितला आणि त्याचा पायच तुटला.

नवा शोधायला हवा होता. तुटक्यावरचे रंग पाहिले. चहा, काजळ, कुंकू. आईने उरलेसुरले भाग जुन्या मसाल्याच्या डब्यात ठेवलेत, वाट्यांसकट. मोहरीच्या वाटीत रेझिस्टर होते. तिथे बोट फिरवलं, हवा तो सापडला.

सुनंदाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "जमतंय का, ताई?"

"बघते."

"आजी लय भरभर करायच्या. मी म्हनायचे, आजी, डोळं जातील. तर म्हनायच्या, काय नाय होत." त्यांनी पंख्याच्या बटणाकडे हात नेला. "मी पंखा लावू का? घाम आलाय तुम्हाला."

"नको. पंखा नको."

मी जुना सोल्डर तापवून काढला. नवा रेझिस्टर भोकांत घातला, पाय जरा वाकवले. बोर्ड पाटावर ठेवला. आयर्न पायाला आणि बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला एकदम टेकवायचं, थांबायचं, मग तार द्यायची. तार आयर्नला द्यायची नाही, सांध्याला द्यायची. पाय तापला की तो आपण होऊन सोल्डर ओढून घेतो. माझ्या हाताला हे सगळं येत होतं. मला आश्चर्य वाटलं नाही, आनंदही नाही. दूरवर धप्प झालं. काच थरथरली. मी लगेच आयर्न टेकवलं.

पलीकडच्या खोलीतून दादांचा बारीक आवाज आला, "झाली तोफ. लाव आता."

मी लावलं. सोल्डर पसरला, चकाकला. आयर्न उचललं आणि श्वास धरला. सुनंदाताईंनीही धरला, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांधा बसला. चकचकीत. दुसरा पायही तसाच झाला. उरलेले पाय कापले, ते उडाले, कुठे गेले दिसले नाहीत. सेल जोडला, डबी बंद करून खिळ्याला टांगली. पिन काढून आयर्न, आई टेकवायची त्या फुटक्या विटेच्या खाचेत ठेवलं आणि दादांकडे गेले.

"झालं, दादा. दाबून बघा."

त्यांनी बटण हातात घेतलं. अंगठा त्यावर ठेवला. मग नाडी सरळ केली, बटण उशीजवळ ठेवून दिलं.

"झालं असेल," ते म्हणाले. "तू केलंयस म्हणजे झालंच असेल."

"एकदा वाजवा तरी. मी उद्या जाणार. मला कळायला नको का?"

"अगं, वाजवून मग काय? ती आतून म्हणायची, काही नाही. आता बेल वाजली आणि आतून कुणी काही म्हणालं नाही तर?"

 सुनंदाताई मागे उभ्या होत्या, त्यांनी पदराने डोळे पुसले. माझे कोरडेच. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जरा इथे बसा, मी पसारा आवरते. रागही आला होता थोडा. एवढ्या लांबून यायचं, घामाघूम व्हायचं, आणि या माणसाने नुसता अंगठा ठेवून काढून घ्यायचा. उद्या पुन्हा तहान लागेल, पुन्हा हे उठायला जातील.

स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसले. चिमटा, तार, भिंग गोळा केलं. मसाल्याच्या डब्याचं झाकण लावलं. आयर्नची वायर गुंडाळायला घेतली, नजर भलतीकडे होती, आणि उजव्या हाताचं बोट आयर्नच्या तापलेल्या नळीला सरळ टेकलं.

"आई गं!"

हात उठला. माझ्या कानाकडे नाही. डावीकडे, जरा वर, जिथे ती पाट पुढ्यात घेऊन बसायची, तिच्या कानाच्या उंचीला. बोट हवेत तिथे जाऊन थांबलं. तिथे ओट्याची कड होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. बोट भाजत होतं. किती महिन्यांनी काहीतरी खरंच दुखत होतं, आणि ते बोटातून वर चढत होतं. मी हात खाली घेऊ शकले नाही.

डोक्यावरची डबी वाजली. गुर्र. थांबली. पुन्हा, गुर्र.

दोन छोट्या.

माझ्या तोंडात शब्द तयार होते. काही नाही, काही नाही. मी ते गिळले.

"हो, दादा," मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले. आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "लागलं. खूप लागलंय."